पायमशीनचं टेबल आणि एक लॉग केबिन गोधडी : कामाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५

टेबल घरी आलं. दोघांनी उचलूनही जिन्यात तीनदा टेकवावं लागलं. ओतीव लोखंडाचे पाय आणि खालचं मोठं चाक, सगळा भार तळाशी. जुनं सिंगर पायमशीन आहे, पाच खणांचं. डावीकडे दोन, उजवीकडे दोन आणि मधे पोटाजवळ एक लहान खण, जो ओढायचा नसून पुढे झुकवायचा असतो. वरची फळी उघडली की डावीकडे पसरते आणि मशीन पोटातून वर येतं.

हे टेबल मला का हवं होतं ते लिहून ठेवते. गेली नऊ वर्षं मी साध्या टेबलावर लहान मशीन ठेवून गोधड्या शिवते आहे. मशीनचा पाट, म्हणजे सुईखालचा सपाट भाग, टेबलापेक्षा जवळजवळ चार इंच उंच. तुकडे जोडताना त्याचा काहीच त्रास नाही. पण वरचं कापड, भरण आणि अस्तर हे तिन्ही थर एकत्र आले, गोधडी जड झाली, की ती त्या चार इंचांवरून खाली लोंबते आणि स्वतःच्याच वजनाने कापड मागे ओढते. टाके आखूड-लांब पडतात, सुई वाकते, खांदे भरून येतात. मी हातांनी भार सावरत बसते आणि शिवण्याकडे लक्ष राहत नाही. जुन्या टेबलात मशीनचा पाट लाकडाच्या पातळीत बसवलेला असतो. कापडाला चढ नाही की उतार नाही. खणांवरचं कोरीवकाम मला फार आवडतं, पण मी टेबल आणलं ते या पातळीसाठी.

१२ जानेवारी

पाटाच्या उजव्या बाजूला ठोकलेला क्रमांक दिव्याखाली वाचला. सुरुवात ‘वाय’ अक्षराने. म्हणजे मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यातलं, १९२०-३० च्या दशकांतलं. मॉडेल ६६, वरून बॉबिन (खालच्या दोऱ्याचं चपटं रीळ) टाकायचं.

क्लाइडबँकचा तो कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. तिथल्या रेल्वे स्टेशनाचं नाव आजही ‘सिंगर’ आहे. मला त्याची एक गोष्ट कायम आठवते. मार्च १९४१ च्या बॉम्बहल्ल्यात कारखान्याचं लाकडाचं कोठार जळालं. यंत्रांच्या कारखान्याला लाकडाचं एवढं कोठार लागायचं, कारण मशीन विकलं जायचं ते टेबलासकट. अमेरिकेत तर सिंगरने १८६८ मध्येच साउथ बेंड या गावी फक्त लाकूडकामाचा कारखाना काढला होता, कारण जवळच्या जंगलात अक्रोड आणि ओक मिळायचा. तेव्हाच्या लोकांच्या हिशोबात टेबल हा यंत्राचाच भाग होता. पुढे मशीन हलकं झालं, पेटीत बसलं, आणि टेबल मागे पडलं. १९३३ च्या सिंगर फेदरवेट २२१ या हलक्या मशीनचं मला कौतुकच आहे. जेमतेम पाच किलोचं, शिवणाच्या शिबिराला न्यायला त्याच्यासारखं दुसरं नाही. पण त्यावर मोठ्या गोधडीचे थर शिवायला बसलं की पुन्हा तोच उतार.

१८ जानेवारी

आज खण. बाहेर काढून उन्हात पालथे घातले. डावीकडच्या वरच्या खणाच्या तळाशी जाड कागद होता, टाचण्यांनी भोसकून चाळणी झालेला. कागदाखाली हे सापडलं : शिंपल्याची तीन बटणं, गंजलेली एक सुई, गोधडीचे तुकडे आखायचा पुठ्ठ्याचा एक षटकोनी साचा, आणि बोटभर रुंद, वीतभर लांब अशी पांढऱ्या कापडाची पट्टी.

पट्टीवर टिपांच्या अकरा ओळी आहेत. पहिल्या दोन ओळींत खालचा दोरा वर आलेला, बारीक मण्यांसारखा दिसतो. तिसरीत वरचा दोरा सैल, मागे फासे पडलेले. मग हळूहळू सुधारत शेवटच्या तीन ओळी अशा आल्या आहेत की वरून-खालून फरक ओळखू येत नाही. कुणीतरी वरच्या दोऱ्याचा ताण लावताना एकेक ओळ मारून बघितली आणि पट्टी टाकून न देता ठेवून दिली. साचा मी भिंगाखाली धरला. कडा पेन्सिलीने काळ्या पडल्यात, एक कोपरा झिजून गोल झालाय. हे टेबल आधीही गोधड्यांचंच होतं, हे मला त्या झिजलेल्या कोपऱ्यावरून कळलं. पट्टी आणि साचा परत त्याच खणात ठेवले.

२५ जानेवारी

मशीन टेबलातून सुटं केलं. मागे दोन बिजागऱ्या, त्यांचे दोन स्क्रू सैल केले की डोकं वर उचलून निघतं. आधी पट्टा काढायचा, हे विसरू नये.

आत जुनं तेल वाळून तपकिरी चिकट वार्निश झालेलं. चाक फिरायचं, पण चिखलातून फिरल्यासारखं. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे थेंब सोडले, थोडं फिरवलं, रात्रभर ठेवलं. दुसऱ्या दिवशी सगळं फडक्याने टिपून शिलाई मशीनचं पातळ तेल घातलं. दातरीच्या (कापड पुढे सरकवणाऱ्या दातांच्या) खाली लोकरीसारखा दाबलेला कचरा होता, तो चिमट्याने काढला. तिसऱ्यांदा तेल दिल्यावर चाकाला बोट लावलं तर ते स्वतःहून दीड फेरा गेलं.

काळ्या अंगावरच्या सोनेरी नक्षीला पाणी, साबण, स्पिरिट काहीही लावलं नाही. नक्षीवर लाखेचा पातळ थर असतो, स्पिरिटने तो विरघळतो आणि नक्षीही जाते. शिलाईचंच तेल कापसावर घेऊन हलक्या हाताने पुसत राहिले. पाच कापसाचे बोळे काळे झाले, सहाव्याला सोनं दिसलं.

१ फेब्रुवारी

लाकूड. समोरच्या डाव्या कोपऱ्यात व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, सुटून वर आलेलं, नखाने टिचकी मारली की पोकळ वाजायचं. अशी टेबलं सरसाने चिकटवलेली असतात. सरसाची खुबी अशी की ऊब आणि ओल मिळाली की तो पुन्हा मऊ होतो. ओलसर फडकं घालून मध्यम गरम इस्त्री दाबली, सरस मऊ झाला, मेणकागद ठेवून शिकंजा लावला. चिकटलं.

पण फडकं उचललं तर खाली तळहाताएवढा पांढरा डाग. लाखेच्या पॉलिशला वाफ सोसत नाही, ते दुधाळ होतं. हे माहीत असूनही मी फडकं जास्त ओलं घेतलं. पोटात खड्डा पडला. संध्याकाळी फडक्याला अगदी नावाला स्पिरिट लावून, न थांबता, लांब हात मारत डागावरून फिरवलं. चौथ्या फेरीला पांढरेपणा मिटायला लागला. लाख स्पिरिटने थोडी सैल होते, अडकलेली ओल निघून जाते आणि थर परत एकसंध होतो. जी गोष्ट नक्षीला मारक तीच इथे औषध. मात्र एका जागी हात थांबला असता तर फडकं चिकटून पॉलिश उपटलं गेलं असतं.

बाकी टेबल घासून नवं करायचं नाही असं ठरवलं. पुढच्या कडेला, जिथे मनगट टेकतं, तिथे पॉलिश उडून लाकूड गुळगुळीत झालंय. ती जागा तशीच राहणार.

८ फेब्रुवारी

आजचा दिवस दोन मिलिमीटरचा.

मशीन परत बसवलं, मोजपट्टी आडवी ठेवली आणि पाहिलं तर पाटाची डावी कड लाकडापेक्षा दोन मिलिमीटर खाली. डावा टेकू दबलाय. आधीच्या कुणीतरी उजवीकडे पुठ्ठ्याची घडी सरकवली होती, त्यामुळे तिरपेपणा आणखी वाढलेला. डोळ्याला दिसत नाही, पण तीन थरांचं कापड ओढून बघितलं तर शिवण बरोबर त्या कडेला अडखळते. एवढ्यासाठी अख्खं टेबल आणलं, तर ते जमवल्याशिवाय पुढे जायचं नाही.

सुतारकाकांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, पुठ्ठा काढा आधी. पुठ्ठा दबतो. लाकडाला लाकूडच हवं.” त्यांनी सागाच्या चार पातळ चकत्या करून दिल्या. एक चकती लावली, पट्टी ठेवली, पट्टीखाली कागद सरकतो का बघितलं, चकती काढून काचपेपरवर घासली, पुन्हा लावली. दुपारचे साडेतीन ते संध्याकाळचे सात. शेवटी डोळे मिटून बोट लाकडावरून लोखंडावर नेलं तेव्हा फक्त गार लागलं, कड लागली नाही.

१५ फेब्रुवारी

नवा चामड्याचा पट्टा. लांबी जुन्यापेक्षा थोडी कमीच ठेवली, कारण चामडं ताणतं. टोकाला भोक पाडून तारेची कडी अडकवली.

पायाची सवय व्हायला तास गेला. दोन्ही पाय पायटावर, उजवा थोडा पुढे, डावा मागे, टाच-चवडा आळीपाळीने. सुरुवात हाताने करायची, चाक आपल्याकडे फिरवून. उलटं फिरलं तर दोरा खाली गुंततो. दोऱ्याशिवाय, रिकाम्या कागदावर शिवत बसले. कागदावर भोकांची सरळ रांग उमटायला लागली तेव्हा दोरा ओवला.

नवशिक्यांसाठी दोन गोष्टी : सुईची चपटी बाजू नेहमी हुकाकडे, म्हणजे वरचा दोरा पकडणाऱ्या आकड्याकडे. आणि ६६ ला त्याचंच बॉबिन, ज्याच्या बाजू किंचित फुगीर असतात. वर्ग १५ चं बॉबिन दिसायला तसंच, पण उंचीला जास्त, ते अडकतं.

२२ फेब्रुवारी

कापडाच्या दुकानात गेले. गोधडीचं दुकान, म्हणजे जिथे फक्त सुती कापडाचे तागे, दोरे, भरण आणि कात्र्या. मी अशा दुकानात शिरले की पहिली दहा मिनिटं कशालाही हात लावत नाही. रंगाप्रमाणे लावलेले तागे, पिवळ्यातून केशरी, केशरीतून लाल, आणि कोऱ्या कापडाचा तो खळीचा वास. मग एका टोकापासून तागे बोटांनी चाळत जायचं. संगणकाच्या पडद्यावर रंग दिसतो, कापडाचा पोत नाही. चिमटीत धरल्याशिवाय वीण घट्ट आहे की विरळ ते कळत नाही, आणि विरळ कापड पाव इंच मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडात, टिकत नाही.

या दुकानात एक जुनं दोऱ्याचं कपाट आहे. अशी कपाटं पूर्वी दोरा बनवणाऱ्या कंपन्या दुकानदारांसाठी करायच्या : बोटाएवढे उथळ खण, रिळं आडवी झोपतील इतकेच, आणि खणाच्या तोंडावर कंपनीचं नाव. कोट्स आणि क्लार्क ही त्यातली मोठी नावं, दोघंही स्कॉटलंडमधल्या पेझलीचे, १८९६ मध्ये एक झाले. पेझली क्लाइडबँकपासून फार लांब नाही. माझं मशीन आणि हे कपाट एकाच मुलखाच्या दोन कारखान्यांची लेकरं म्हणायची. मी खण उघडून बघू का विचारलं, तर दुकानवाल्या ताई म्हणाल्या, “उघड की! ते बघायलाच ठेवलंय. पण हळू, त्याला डावीकडून आधार द्यावा लागतो.” खण कसा झुकतो ते त्यांच्या हाताला माहीत होतं. त्यांच्या कापायच्या टेबलावर लाकडात ठोकलेले पितळी खिळे आहेत, मोजपट्टीऐवजी. मधला खिळा इतका झिजलाय की आरशासारखा दिसतो. ते टेबल कमरेएवढं उंच आहे. पाठ न वाकवता दिवसभर कापता येतं.

लॉग केबिन करायची हे ठरलं होतं. मधे एक चौकोन, भोवती पट्ट्या, दोन बाजू फिकट आणि दोन गडद. मी बारा रंग काढले आणि टेबलावर मांडले. ताईंनी बघितलं. “रंग छान आहेत. आता डोळे बारीक कर आणि सांग, गडद कुठले?” डोळे किलकिले केले तर माझा आवडता हिरवा आणि राखाडी-गुलाबी एकच झाले. लॉग केबिन रंगावर चालत नाही, फिक्या-गडदावर चालते. मधला रंग दोन्हीकडे ओढतो आणि नक्षी विरघळते. हिरवा परत ठेवला. जिवावर आलं, खोटं कशाला सांगू. त्याजागी गर्द निळा घेतला. मग सगळे तुकडे खिडकीपाशी नेऊन उजेडात बघितले, कारण नळीच्या दिव्यात काळा आणि गर्द निळा एकमेकांत लपतात.

मधल्या चौकोनासाठी लाल. लॉग केबिनमध्ये मधला लाल चौकोन म्हणजे चूल, पट्ट्या म्हणजे ओंडक्यांच्या भिंती. लाल कापड मात्र घरी आल्यावर आधी कोमट पाण्यात पांढऱ्या फडक्यासोबत भिजवायचं. फडकं गुलाबी झालं तर ते लाल कितीही सुंदर असलं तरी गोधडीत नाही. (२३ तारीख : फडकं पांढरंच राहिलं.)

भरण सुती घेतलं, पातळ. पाकिटावर दोन टिपांत जास्तीत जास्त किती अंतर चालेल ते लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्यावं.

२ मार्च

कापणी आणि मायेची चाचणी. माया धरून मधला चौकोन अडीच इंच, पट्ट्या दीड इंच, चार फेरे. दर फेऱ्याला ब्लॉक (चौकोन आणि त्याभोवतीच्या पट्ट्या) दोन इंच वाढतो, म्हणजे तयार ब्लॉक दहा इंच, माया धरून साडेदहा.

इथे मायेवर सगळा खेळ आहे. पाव इंचाऐवजी एक सोळांश इंच जास्त गेला, तर दर शिवणीला दोन्ही बाजूंनी मिळून एक अष्टमांश इंच जातो. ब्लॉकच्या आडव्या रेषेत आठ शिवणी. आठ अष्टमांश म्हणजे पुरता एक इंच! आणि चूक कुठे झाली ते कुठल्याही एका शिवणीत दिसत नाही. म्हणून पाटावर सुईपासून बरोबर पाव इंचावर जाड कागदी चिकटपट्टीचा थर लावला, त्याला टेकवून कापड सोडायचं. दीड इंचाच्या तीन पट्ट्या जोडून मोजल्या : मधली पट्टी बरोबर एक इंच यायला हवी. पहिल्यांदा दोरा-भर कमी आली. चिकटपट्टी केसभर आत घेतली. आता बरोबर. या मशीनला एकच टीप येते, सरळ. सुई खाली जाण्याचं पाटातलं भोक लहान, त्यामुळे पट्टीचं टोक आत ओढलं जात नाही. जोडकामाला यापेक्षा काय हवं.

१६ मार्च

एकोणीस ब्लॉक झाले. दर शिवणीनंतर इस्त्री, दाबून, ढकलून नाही. ढकललं की पट्टी उरेब ताणली जाते.

३० मार्च

छत्तीसही झाले. छत्तीस गुणिले सतरा, म्हणजे सहाशे बारा तुकडे. जमिनीवर सहा बाय सहा मांडले. आधी ‘स्ट्रेट फरो’, तिरप्या नांगरटीसारखे पट्टे. मग ‘बार्न रेझिंग’, मधून बाहेर पसरणारे चौकोन. दोन दिवस तशीच ठेवली, जाता-येता बघत राहिले. दुसरी मांडणी पक्की केली.

५ एप्रिल

वरचा थर साठ इंच चौरस. अस्तर चारी बाजूंनी चार इंच जास्त, अडुसष्ट. कापडाचा पन्हा बेचाळीस, म्हणून दोन लांब्या मधोमध जोडल्या, काठ कापून टाकून. काठाची वीण घट्ट असते, तो शिवणीत राहिला तर धुतल्यावर आकसतो. अस्तर जमिनीला चिकटपट्टीने ताणून, भरण, वरचा थर, आणि मधून बाहेर कच्चे टाके, हाताच्या मुठीएवढ्या अंतरावर. गुडघ्यांखाली उशी.

१२ एप्रिल

ज्यासाठी तीन महिने घालवले ते आज. भिंतीला टेकवलेलं टेबल, म्हणजे गोधडी मागे पडत नाही. डावीकडे पसरलेली फळी, तिच्या पलीकडे त्याच उंचीवर आणलेलं इस्त्रीचं टेबल. गोधडी दोन्ही बाजूंनी गुंडाळली, मधल्या शिवणीवर सुई उतरवली आणि पाय हलवला.

काही झालं नाही. म्हणजे जे नेहमी व्हायचं ते झालं नाही. कापड ओढलं गेलं नाही. गोधडीचा सगळा भार लाकडावर निजलेला, आणि दातरीला फक्त सुईखालचं तेवढंच हलवायचं. इंचाला नऊ टाके, मधल्यापासून कडेपर्यंत नऊच. हात फक्त दिशा दाखवायला. मधेच थांबायचं तर टाच दाबायची, मशीन टाक्यावर थांबतं. विजेच्या मशीनवर मी कायम पुढे पळणाऱ्या सुईच्या मागे असते. इथे पाय थांबला की सुई थांबते.

संध्याकाळपर्यंत मधल्या चार रांगा झाल्या. खांदे दुखले नाहीत. पोटऱ्या दुखताहेत.

२० एप्रिल

टाके सैल पडायला लागले म्हणून ताण उघडून बघितला, दोरा बदलला, सुई बदलली. कारण वेगळंच : पट्टा ताणला होता, चाक घसरत होतं, त्यामुळे पायाला जोर आणि लय तुटलेली. अर्धा इंच कापून पुन्हा कडी लावली.

४ मे

गोट लावला. अडीच इंचाच्या सात पट्ट्या, तिरप्या जोडून, दुहेरी दुमडून. पुढून मशीनवर, मागून हाताने, तीन संध्याकाळी. गर्द निळा, तोच जो हिरव्याच्या जागी आला.

उजवीकडचा खालचा खण अजून अडकतो, तळाला मेण घासून बघायचंय. ताण लावताना मी केलेली माझी पट्टी, चौदा ओळींची, डावीकडच्या वरच्या खणात त्या अकरा ओळींच्या पट्टीशेजारी ठेवली. षटकोनी साचा बाहेर काढलाय. झिजलेला कोपरा धरून नव्या पुठ्ठ्यावर त्याची नक्कल उतरवून घेतली, बाजू एक इंच भरली.